पिंपातलं आयुष्य

शुक्रवारी दुपारी सव्वातीन वाजता तळघरातल्या प्रयोगशाळेत मॅडमनी फळ्यावर एक आकडा लिहिला, दोन विद्यार्थ्यांनी आपापल्या कागदावर एकच गुणाकार केला, आणि दोघांचं उत्तर चुकीचं आलं. दोघांचं अगदी सारखंच चुकीचं आलं, म्हणजे गुणाकारात काही खोट नव्हती.

प्रश्न होता, म्यूऑन किती काळ जगतो. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ: विद्युतभार तेवढाच, वजन दोनशे पट, आणि आयुष्य नावापुरतं. पुस्तकात ते सरासरी दोन पूर्णांक वीस शतांश मायक्रोसेकंद दिलेलं आहे. आपली पापणी लवते तेवढ्यात अशी पन्नास हजार आयुष्यं एकापाठोपाठ एक संपतात. त्या दोघांचं उत्तर होतं दोन पूर्णांक बारा शतांश. मोजणीत एक शतांश इकडेतिकडे होऊ शकेल हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. आठ शतांशांना योगायोग म्हणायला कोणाची जीभ रेटली नसती.

दोघांपैकी एकीला सगळा वर्ग ताई म्हणायचा. ती बाकीच्यांपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी होती. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता तिने एक दिवस बिनपगारी रजेचा अर्ज टाकला आणि पदव्युत्तर वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसली. रजा या सत्राबरोबर संपत होती. मॅडमच्या गटात पीएचडीची जागा एकच, आणि ती या प्रयोगाच्या तोंडी परीक्षेवर ठरायची होती. जागा मिळाली तर शाळेचा राजीनामा. नाही मिळाली तर पुन्हा सातवीचा वर्ग. या वयात दुसऱ्यांदा रजा मिळत नाही, हे मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा देतानाच गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

तिचा जोडीदार म्हणजे रॉकेट. प्रश्नपत्रिका वाचून होण्याआधी उत्तर लिहायला घेणारा मुलगा. हुशार होता, आणि ते त्याला माहीत होतं, ही एक अडचण.

उपकरणाला सगळे पिंप म्हणायचे. पाण्याच्या पिंपाएवढा, काळ्या कागदात घट्ट गुंडाळलेला स्वच्छ प्लास्टिकचा ठोकळा, वर प्रकाश टिपणारी नळी, आणि शेजारी घड्याळ. आकाशातून आलेला म्यूऑन पिंपात शिरला की एक बारीक चमक उठते. बहुतेक म्यूऑन आरपार निघून जातात. एखादा दमून आत थांबतो, तिथेच मरतो, आणि मरताना त्याच्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन दुसरी चमक देऊन जातो. पहिल्या चमकेपासून दुसऱ्या चमकेपर्यंतचा वेळ घड्याळ टिपून ठेवतं. हजारो मरणं जमली की आलेख काढायचा: डावीकडे लवकर मेलेले, उजवीकडे रेंगाळलेले. उतार किती तीव्र आहे त्यावरून सरासरी आयुष्य कळतं.

हा प्रयोग इथे वर्षानुवर्षं होत आला होता. मॅडम मात्र नव्या होत्या, आणि येताच त्यांनी एक बदल केला. घड्याळाचा वेग त्यांनी गुपचूप किंचित बदलला, किती ते कोणालाच सांगितलं नाही. विद्यार्थ्यांनी आयुष्य ‘ठोक्यां’त मोजायचं, सगळा हिशोब पुरा करायचा, आता यात हात घालणार नाही असं सही करून सांगायचं, आणि मगच एक ठोका म्हणजे किती वेळ ते मॅडम फळ्यावर लिहिणार. रॉकेट सत्रभर म्हणत आला होता, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली आणि दोन पूर्णांक बारा निघाले.

मॅडमनी एवढंच सांगितलं की तोंडी परीक्षा पुढच्या शुक्रवारी. यानंतर हिशोबात काही बदललंत तर ते आकडा पाहिल्यावर बदललं, असं रिपोर्टात स्पष्ट लिहा. मग खडूचे हात झटकून त्या वर गेल्या.

रॉकेटने मॅडमची पावलं जिन्यावर विरेपर्यंत वाट पाहिली, आणि खुर्ची ओढली. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रकाश टिपणारी नळी जुनी आहे. एका चमकेनंतर कधीकधी ती उगाच स्वतःच पुन्हा चमकते. अशा खोट्या जोड्या आलेखात अगदी डावीकडे जमतात आणि म्यूऑन लवकर मेल्यासारखे दिसतात. तेव्हा पहिले काही स्तंभ उडवायचे. उडवले. उत्तर दोन पूर्णांक पंधरावर गेलं. मग पार्श्वभूमी. दोन वेगळे म्यूऑन योगायोगाने लागोपाठ आले तर त्यांचीही जोडी लागते, आणि अशा जोड्यांचा थर सगळ्या आलेखाखाली पसरलेला असतो. तो किती जाड आहे, ते उजव्या टोकाकडून ठरवायचं. उजवं टोक कुठून धरायचं हे आपल्या हातात. थोडं पुढून धरलं, थर पातळ झाला. दोन पूर्णांक एकोणीस.

दोन्ही बदलांना कारण होतं, आणि कारण खरं होतं. ताईने मान डोलावली, पाठ ताणली, उठून कप विसळायला गेली. नळाखाली हात धरलेला असताना तिच्या लक्षात आलं की आपण उठलो. बारा दिसत असताना ती जागची हलली नव्हती. एकोणीस दिसताच कप आठवला. उजवं टोक आणखी पुढून धरलं असतं तर उत्तर तेवीसवर गेलं असतं, पण ते कोणी करून पाहिलं नव्हतं. चुका शोधायचं काम संपलं होतं, कारण उत्तर आवडलं होतं.

रॉकेटने विचारलं की आता तोंड का पाडलंस, आकडा आला ना. ती म्हणाली, आला नाही, आणला.

रविवारी दादा आला. तिचा थोरला भाऊ दुसऱ्या गावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. महिन्यातून एकदा आईला भेटायला यायचा आणि आल्या आल्या घरातल्या सगळ्या घड्याळांच्या वेळा दुरुस्त करायचा. त्यानेही तरुणपणी याच पिंपावर हाच प्रयोग केला होता. त्याचा रिपोर्ट इतका नेटका की विभागाने तो नमुना म्हणून कपाटात ठेवला होता. दरवर्षी प्रत्येक जोडीला आधी तोच वाचायला मिळे. ताई रजा घेऊन शिकायला निघाली तेव्हा सगळे नातेवाईक हसले होते. एकटा दादा हसला नव्हता. पहिल्या सत्राची पुस्तकंही त्यानेच आणून दिली होती.

तिने आलेख दाखवला. दादाने चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला, आणि न विचारता सांगितलं: पहिले स्तंभ काढ, नळी खोटं बोलते, मग उजवं टोक जरा पुढून धर. नेमकं तेच, त्याच क्रमाने. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की आल्या आल्या परीक्षा नको घेऊस तिची, आधी हातपाय धू.

“दादा, तू ते टोक किती वेळा बदललंस?”

“जुळेपर्यंत,” दादा सहज म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याने चष्मा खाली घेतला. कागद मात्र परत दिला नाही, घडी घालून गुडघ्यावर ठेवला.

सोमवारी सकाळी मॅडमचा सिद्धांताचा तास होता. स्टँडर्ड मॉडेल शिकवायला घेतल्यापासून वर्गाला त्याची सवय झाली होती. सवय म्हणजे हातांना, डोक्याला नव्हे. ताईला अजूनही फळ्यापुढे धाकधूक व्हायची. सगळ्या जगाची द्रव्यं एका तक्त्यात मावतात: क्वार्क सहा, इलेक्ट्रॉन आणि त्याची भावंडं मिळून सहा, बल वाहून नेणारे मूठभर, आणि वस्तुमान देणारा एक. तिच्या हाताची नखं, खिडकीची काच, सूर्य, सगळं त्यातल्या पहिल्या ओळीत संपतं. पुढच्या दोन ओळी कशासाठी आहेत, ते कोणालाच ठाऊक नाही. मॅडमनी हे पहिल्याच तासाला सांगितलं होतं आणि वहीत लिहून घ्यायला लावलं होतं: कोणालाच ठाऊक नाही.

म्यूऑनचं आयुष्य कागदावर काढायचा हिशोब त्यांनी वर्गाकडून मागेच करून घेतला होता. पानंच्या पानं. कंसात कंस, मॅट्रिक्सांच्या रांगा, एका पानावर चुकलेलं चिन्ह तीन पानं मागे जाऊन शोधायचं. शेवटी सगळं एकमेकांना खात खात एका ओळीत उरलं होतं: वस्तुमानाचा पाचवा घात, खाली एकशे ब्याण्णव आणि पायचा घन. एकशे ब्याण्णव कुठून आले हे ताईला पानोपानी दाखवता आलं असतं. ते आलेच कसे, याचं नवल तरीही ओसरलं नव्हतं. त्या ओळीत आकडे घातले की दोन पूर्णांक वीसच्या अगदी जवळ येत होतं. कोणी काही मोजलं नव्हतं. कागदाला कसं कळलं?

त्या सोमवारी मॅडमनी तीच आकृती पुन्हा काढली: म्यूऑनची रेघ, तिला फुटलेली फांदी, मधे क्षीण बलाची वळवळती रेघ. मग ती पुसली नाही. तेच टिंब, तीच वळवळ ठेवून त्यांनी आकृती पाव फेरी वळवून काढली. आता एका बाजूने म्यूऑन येत होता, दुसऱ्या बाजूने प्रोटॉन, आणि निघताना न्यूट्रॉन आणि न्यूट्रिनो. मरण्याचा जो नियम, गिळलं जाण्याचाही तोच. मॅडम म्हणाल्या, म्यूऑन ऋण आणि धन असे दोन्ही असतात; ऋण म्यूऑन पदार्थात थांबला तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. अणू त्याला इलेक्ट्रॉनसारखाच धरून ठेवतो, पण हा दोनशे पट जड, त्यामुळे तळाशी, अगदी केंद्रकाला खेटून बसतो. तिथे तो आपल्या मरणाने मरतो, किंवा त्याआधीच एखादा प्रोटॉन त्याला गिळतो. धन म्यूऑनला हा धोका नाही. केंद्रक धन, तोही धन, ते त्याला जवळ येऊ देत नाही.

ताईचं पेन थांबलं. प्लास्टिक म्हणजे कार्बन. पिंप कार्बनने भरलेलं होतं.

तास संपताच ती तळघरात गेली. पिंप आपलं काम करत होतं. बाहेरून काहीच दिसत नाही, नुसता पडद्यावरचा आकडा मधूनच एकाने वाढतो. तिने काळ्या कागदावर तळहात ठेवला. तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन जात असतो, हे तिला पाठ होतं, शाळेत मुलांना सांगून टाळ्याही घेतल्या होत्या. आता तिने त्यांच्याकडे कान लावल्यासारखं केलं. डोक्यावर पंधरा किलोमीटरवर एक प्रोटॉन हवेवर आदळतो. तो कुठल्या ताऱ्याच्या स्फोटातून निघाला, किती लाख वर्षं वाटेत होता, माहीत नाही. त्या ठिकऱ्यांतून हे जन्मतात. त्यांच्या आयुष्यात प्रकाशही सातशे मीटर जात नाही. तरी ते छप्पर, चार मजले, वाचनालयातली पुस्तकं आणि तिचा हात पार करून इथवर येतात, कारण इतक्या वेगात त्यांचं घड्याळ आपल्या लेखी हळू चालतं. आणि एवढं सगळं करून या गावठी पिंपात येऊन थांबल्यावर त्यातले ऋण तेवढे थोडे लवकर संपतात. धन आणि ऋण मिळून त्याचा परिणाम आलेखात उतरला होता. आठ शतांश.

ती खाली बसली आणि उलटा हिशोब केला. कार्बनमधल्या ऋण म्यूऑनचं आयुष्य पुस्तकात होतं, दोन पूर्णांक तीन शतांश. धनांचं दोन पूर्णांक वीस. मिश्रणाचं बारा यायला दर शंभर ऋणांमागे सव्वाशेच्या आसपास धन हवेत. पंचवीस-तीस इकडेतिकडे, तिने प्रामाणिकपणे पुढे लिहिलं. धन जास्त असणार याला कारणही होतं: वरून येतात ते प्रोटॉन, आणि प्रोटॉन धन. ताऱ्यांमधून जे येतं ते आपल्यासारख्याच द्रव्याचं असतं, हे या तळघरातल्या आलेखाच्या उतारात पुसटसं उमटलं होतं. तिच्या अंगावर काटा आला आणि बराच वेळ गेला नाही.

रॉकेटला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, सुतावरून स्वर्ग गाठतेयस. मग त्याने हिशोब वाचला, पुन्हा वाचला, आणि नेहमीच्या घाईत कपाट उघडून जुने रिपोर्ट काढले. त्यातला प्रत्येक दोन पूर्णांक वीसच्या आसपास. हीच नळी, हेच पिंप, हाच कार्बन. रॉकेट खाली फरशीवर बसला.

“ताई, तुझ्या दादाचाही यात आहे.”

“माहीत आहे.”

“आणि पिंपवाले सर परीक्षा घ्यायला बसणार आहेत.”

पिंपवाले सर म्हणजे विभागातले सगळ्यात ज्येष्ठ. पिंप त्यांनी स्वतः बांधलं होतं, आणि त्या सगळ्या रिपोर्टांना गुणही त्यांनीच दिले होते. रॉकेटने सरळ विचारलं की एकोणीस लिहून मोकळं व्हायला काय हरकत आहे; त्यात खोटं काहीच नाही, दोन्ही दुरुस्त्यांना कारण आहे, आणि जागा तुलाच हवी आहे, मला नाही. हे शेवटचं खरं होतं. त्याला परदेशी जायचं होतं. ती म्हणाली की बाराच लिहायचं, आणि बारा का ते लिहायचं. रॉकेट काही वेळ जुने रिपोर्ट चाळत राहिला, मग म्हणाला की तुझ्या नावाआधी माझं नाव टाकू नकोस, एवढंच.

दादाला तिने फोन केला. आधी सांगायला हवं, दुसऱ्याकडून कळायला नको. सगळा हिशोब ऐकवला. तिने म्हटलं, दादा, कोणी तुला खोटं म्हणणार नाही. त्याने ते ऐकलंच नाही. त्याने विचारलं की मधल्या कपाटात खाली ॲल्युमिनियमच्या जाड पाट्या असायच्या, अजून आहेत का.

“असतील. का?”

“पिंपाखाली सरकव. पिंपातून पार झालेले काही म्यूऑन पाटीत थांबतील, आणि मरताना त्यांचा इलेक्ट्रॉन वर पिंपात येऊन चमकेल. ॲल्युमिनियमचं केंद्रक कार्बनपेक्षा मोठं, ऋणांना ते भराभर गिळतं. त्यांचं आयुष्य निम्म्याहून खाली येईल. म्हणजे पाटी असताना डावीकडचे स्तंभ वाढले पाहिजेत. नळीच्या नावाने कोणी बोट दाखवेल, तर नळी पाटी असताना आणि नसताना सारखीच खोटं बोलते. तो वाद तिथेच संपतो.” मग थोडं थांबून, “आणि मोजून होईपर्यंत उतार बघू नकोस, छोटे. मी बघितला होता.”

शुक्रवारी तोंडी परीक्षा झाली. ताईने दोन पूर्णांक बारा लिहिलं, वळवलेली आकृती काढली, उलटा हिशोब मांडला. पिंपवाल्या सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की म्हणजे या खोलीतून आजवर बाहेर पडलेलं प्रत्येक उत्तर चुकीचं, असं तुम्ही म्हणता का.

“आकडा बरोबर आहे, सर. या पिंपात तो येऊ शकत नाही.”

सर उठून फळ्यापाशी गेले आणि वळवलेल्या आकृतीकडे पाहत उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले की पिंप बांधलं तेव्हा प्लास्टिक निवडण्यात सहा महिने गेले होते. चमक किती, काळोख किती, सगळं बघितलं. आत मरणाऱ्यांना ते कसं वागवेल, हा प्रश्न डोक्यात आला नाही. मॅडमना त्यांनी विचारलं की तुम्हाला हे आधी ठाऊक होतं का. मॅडम म्हणाल्या की कार्बनचं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत एकालाही ते मोजणीत दिसलं नाही, याचं कारण शोधत होते.

परीक्षा घेणाऱ्या समितीने निकाल दिला नाही. पाटी लावून मोजणी करा, मग बघू, असं ठरलं. सरांनी जाताना सांगितलं की एखादा कागदावरचा हिशोब सुंदर आहे म्हणून मी मान हलवणार नाही, आणि ताईला ते पटलं.

ॲल्युमिनियमच्या पाट्या त्याच दिवशी पिंपाखाली गेल्या. उचलायला रॉकेट होता. पुढच्या रविवारी दादाही आला, आईला भेटण्याआधी थेट तळघरात. पिंपाभोवती एक फेरी मारली, कशालाही हात लावला नाही. पडद्यावरचा आकडा एकाने वाढला तेव्हा त्याने छताकडे पाहिलं, मग ताईकडे.

मोजणी सुरू आहे. आज सकाळपर्यंत डावीकडचे स्तंभ पाटी नसतानाच्या तुलनेत उंच आहेत, पण योगायोगानेही पडू शकेल एवढाच तो फरक आहे. शाळेने हजर होण्याची तारीख विचारली आहे. समितीची बैठक अजून ठरलेली नाही.